चारमिनारची मागची बाजू

गोंदियाजवळच्या कुडव्याला खोली पाहायला निघाले तेव्हा घरमालकांनी फोनवर एकच गोष्ट बजावली. "समोरून येऊ नका मॅडम. समोर काही नाही. मागून या." मला वाटलं, समोर नालीचं खोदकाम चालू असेल, नाहीतर कुत्रं सोडलेलं असेल. तसलं काही नव्हतं. समोर खरोखरच काही नव्हतं. प्लास्टर न केलेल्या विटांची भिंत, तिच्यात एक दार, आणि दाराला आतून कडी. वळसा घालून मागे गेले तर डोळे दिपले. गुलाबी रंग, फुलाफुलांच्या टाइल्स, सिमेंटचे दोन मोर, त्यांच्या डोक्यावर 'शुभ लाभ' आणि नावाची पाटी. ही सगळी शोभा ज्या बोळाकडे तोंड करून होती, तिथून दिवसभरात मुख्यतः म्हशी जायच्या.

मोरांच्या मधे घरमालक उभे होते. खांद्यावर दुपट्टा, पायात रबरी चपला, आणि मिशी इतकी व्यवस्थित कापलेली की हा माणूस चक्रम असेल अशी शंकाही येऊ नये. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "मागं फिरा जी जरा."

मी पर्स घट्ट धरली. शाळेत चित्रकला शिकवणारी एकटी बाई, नवीन गाव, आणि पहिलंच वाक्य हे. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "फिर व पोरी, भेऊ नको. ते चपलेची टाच पाह्यते. बैलाचेही खूर मागूनच पाह्यते."

मी फिरले. त्यांनी वाकून माझ्या चपला पाहिल्या आणि म्हणाले, "दोन्ही टाचा बराबर झिजल्या. माणूस सीधा हाये. खोली दिली."

सगळं कुडवा त्यांना काकाजी म्हणायचं आणि आतल्या आवाजाच्या मालकिणीला काकीजी. मूळचे दवनीवाड्याचे पोवार शेतकरी. धानाची जमीन भावाकडे सोपवून गोंदियाच्या या टोकाला घर बांधून राहिले होते. घरात पोवारी, माझ्याशी झाडीपट्टीतली मराठी आणि बाकीच्या जगाशी हिंदी, असा त्यांचा कारभार. पण भाषा कोणतीही असो, सिद्धांत एकच. "समोरची बाजू पाहुण्यायसाठी रायते मॅडम. घरची बाजू मागं रायते. दुनिया समोरून पाहून फसते."

हा सिद्धांत त्यांनी कुठे लावला नाही ते विचारा. वांगं घेताना देठाकडून पाहायचे. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे, त्यामुळे खेळाच्या बातम्या त्यांना तोंडपाठ आणि सरकार कोणाचं आलं ते दुपारपर्यंत पत्ता नसायचा. लग्नाला गेले की मांडवात न बसता मागे आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसायचे आणि पंगत बसायच्या आत तिथेच जेवून मोकळे व्हायचे. नवरा-नवरीला हार घालताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. मात्र कोणत्या लग्नात वरणात पाणी वाढवलं, हे ते दहा वर्षांनीही सांगू शकायचे.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि रात्रभर नाटकं होतात. माझ्या गावी, नवेगाव-बांधला, मी लहानपणापासून ती पुढे सतरंजीवर बसून पाहिली. काकाजी ती स्टेजच्या मागे बसून पाहायचे. पडद्यापलीकडे नायिका विष पिऊन मरत असली की पुढे बाया पदर डोळ्याला लावायच्या. काकाजींना मात्र ती नायिका मरून आत आली आणि भज्याची प्लेट घेऊन बसली, हे दिसायचं. "मले कोण्याच नाटकात रडू नाही आलं," असं ते अभिमानाने सांगायचे. काकीजी म्हणायच्या, "मंग जाता कायले?"

त्यांच्या स्कूटरला दोन आरसे होते, ते जवळजवळ जेवणाच्या ताटाएवढे. गाडी चालवताना ते त्या आरशांतच पाहायचे. एकदा पुढे चाललेल्या धानाच्या बैलगाडीत सरळ जाऊन घुसले. गुडघा फुटला, हँडल वाकलं, तणसाच्या पेंढ्या अंगावर पडल्या. मी धावत गेले तर पेंढ्यांतून आवाज आला, "पण मागून कोणी ठोकलं काय? नाही ना!"

मी एकदाच त्यांच्यावर मनापासून चिडले. शाळेत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि ऐनवेळी पाहुणे आले नाहीत, म्हणून मी काकाजींना परीक्षक म्हणून नेलं. त्यांनी भिंतीवरचं एकेक चित्र उलटं करून पाहिलं. मागून! आणि पहिला नंबर दिला तो एका चिमुरडीला. कारण काय, तर "कागदाच्या मागं पेन्सिलीचा एकही वण नाही, पोरीचा हात हलका हाये." चित्र सुलट केलं तर त्या मुलीने समोर काही काढलेलंच नव्हतं. कागद कोरा होता, घाईत माझ्या हातूनच तसा टांगला गेलेला. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, मलाही वाजवाव्या लागल्या.

काकीजींच्या बाबतीतही हाच प्रकार घडलेला. मुलगी पाहायला गेले तेव्हा काकाजी ओसरीवर बसलेच नाहीत. पोह्यांची बशी हातात घेऊन घरामागच्या वाडीत गेले. तिथे गोवऱ्या नीट रचलेल्या, नहाणीजवळ चिखल नाही, वालाचा वेल मांडवावर चढवलेला. कोणी केलं म्हणून विचारलं, तर कळलं की सगळं मुलीनेच. परत आले आणि म्हणाले, "पसंत हाये." मुलगी तेव्हा आत डोक्यावर पदर घेऊन बसलेली होती.

"माह्यं तोंड यायनं लग्नाच्या दिवशी पाह्यलं असंन," काकीजी मला सांगायच्या. "तेही असंन म्हणते मी. पाह्यलंच म्हणत नाही."

हे त्या हसत सांगत नसत. भाजी निवडता निवडता, सरळ आवाजात सांगत. मला काकीजींचं वाईट वाटायचं. काकाजींचा लळा लागला होता हे खरं, भाडं उशिरा दिलं तरी तो माणूस कधी शब्दाने बोलला नाही. पण अशा माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे काय, हा विचार माझ्या मनात यायचाच.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी धान निघालं, मळणी झाली की काकाजी दवनीवाड्याच्या भाऊबंदांना बसने कुठल्यातरी मोठ्या शहरात फिरायला न्यायचे. गाडी ठरवायचे ते, गाइडही तेच. सोबत घरचा तांदूळ, गॅसची शेगडी, भात शिजवायची मोठी गंजं आणि स्वयंपाकाला काकीजी. मंडळींना काकाजींच्या गाइडगिरीबद्दल फारसं प्रेम नव्हतं, पण काकीजींच्या हातच्या भातासाठी ते कुठेही यायला तयार असत. परक्या गावचा भात पोटाला लागत नाही, यावर सगळ्या बसचं एकमत होतं.

मी कधी सोबत गेले नव्हते, पण किस्से ऐकून होते. आग्र्याला काकाजींनी मंडळींना ताजमहाल दाखवला तो नदीच्या पलीकडून. "हे पाहा, हे त्याचं मागचं. बादशाह कुठं बसत असंन? मागंच बसत असंन." मंडळींनी पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, आत कधी जायचं? आत जायचं नव्हतं. काकीजींनी आग्रा पाहिलं म्हणजे त्या काठावर बसून वाटाणे सोलले. दिल्लीला लाल किल्ल्याच्या मागच्या रस्त्याने बस हळू चालवली, मुंबईला गेटवेपाशी उभं राहून समजावलं की ही कमान समुद्राकडून येणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे हे लाखो लोक रोज तिला मागूनच पाहतात आणि त्यांना ते माहीतही नाही. मुंबईवर ते त्या दिवशी फार खूश होते.

जयपूरला तर कहर झाला. हवामहलाला रस्त्याच्या बाजूने आत शिरायला दारच नाही, आत जायचं ते मागून. हे कळल्यावर काकाजी रस्त्यातच उड्या मारायचे बाकी राहिले. "मी काय म्हणत होतो? काय म्हणत होतो मी?" परत येताना गोंदियापर्यंत ते हेच म्हणत होते. त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी हैदराबाद ठरलं. आणि त्याच वेळी काकीजी अडून बसल्या.

बोळापलीकडच्या घरात नवरा-बायकोचा एक मोठा फोटो होता. मागे ताजमहाल, पुढे दोघं, आणि बाईने दोन बोटांत घुमटाचं टोक धरलेलं. तो फोटो काकीजींना रोज दिसायचा, कारण त्यांच्या घराचं तोंडच तिकडे होतं. एका संध्याकाळी मी चहाला गेले तर काकीजी कणीक मळत होत्या आणि काकाजी नकाशा उलटा धरून पाहत होते.

"अजी, ऐकता काय?" काकीजी म्हणाल्या. "इतके गावं फिरली मी. एक चीज समोरून नाही पाह्यली. आपल्या दोघायचा एक फोटो नाही घरात. या खेपेले चारमिनारपुढं फोटो काढाचा. दोघायचा. समोरून. नाही तं तुमचा भात तुमी रांधा, मी येत नाही."

काकाजींच्या हातातला नकाशा खाली आला. भाताशिवाय बस निघणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "काढू ना," ते म्हणाले. "काऊन नाही काढाचा? काढू."

काकीजी आत गेल्याबरोबर ते माझ्याकडे झुकले. "पह्यले मागचं दाखवतो तिले. मागचं पाह्यलं का तिलेच वाटन, फोटो इथंच काढावा. मागूनच."

काकीजींना हे ऐकू गेलं असणार. रात्री त्या माझ्या दाराशी आल्या. "पोरी, तुले सुट्ट्या हायेत ना? तू चाल. मोबाईल चार्ज करून ठेव. या माणसाचा भरोसा नाही." मी कपडे भरायला घेतले.

गोवळकोंड्याला पहिला अर्धा दिवस गेला. किल्ल्याच्या दाराशी एक माणूस टाळ्या वाजवत होता आणि त्या वर टेकडीवर ऐकू जातात म्हणे. आमच्या मंडळींना ते ऐकायचं होतं. पण काकाजींनी बस तटाच्या बाहेरून फिरवली, किल्ल्याची मागची बाजू दाखवायला. तट संपेचना. एका ठिकाणी म्हशी दिसल्या. म्हशी पाहायला इतक्या दूर कशाला आणलं, असं मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं. काकीजींनी खिडकीची काच लावून घेतली. दुपारी भात थोडा कच्चा निघाला, तेव्हा सगळ्यांना परिस्थितीची कल्पना आली.

मग संग्रहालय. तिथे लाकडाचा एक पुतळा आहे. समोरून पाहावा तर ताठ मानेचा, रुबाबदार पुरुष. त्याच्या पाठीमागे मोठा आरसा लावलेला, आणि आरशात पाहावं तर त्याच लाकडाच्या मागच्या अंगाला मान खाली घातलेली एक बाई कोरलेली. काकाजींनी ते पाहिलं आणि त्यांना भरून आलं. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सगळ्या बसला पुतळ्यापुढे रांगेत उभं केलं.

"पाहा! मागून नाही पाह्यलं तं हे बाई कोणाले दिसली असती? सांगा! जन्मभर त्या माणसालेच पाहत राह्यले असते!"

मंडळी माना डोलवत होती. तेवढ्यात काकीजी म्हणाल्या, "तिचं तोंड मागं हाये, म्हणून तिच्यासाठी आरसा लावला. माह्यं तोंड समोर हाये. मले तेवढा खर्च नाही."

काकाजी आरशाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. ते म्हणाले, "लाकूड सागाचं वाटत नाही." काकीजी वळून चालू लागल्या. त्या दिवशी मला काकाजींचा इतका राग आला की त्यांना त्या पुतळ्याच्या शेजारीच सोडून यावंसं वाटलं.

चारमिनारला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. काकीजींनी बसमध्येच हिरवं, लाल काठाचं लुगडं नेसलं. एरवी त्यांच्या अंगावर तेलाचे डाग पडलेलं पातळ असायचं. केसांना तेल, कपाळावर मोठं कुंकू, पदर दोन्ही खांद्यांवरून. बसमधल्या बायांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. काकीजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "आज नाही झाला तं मंग कधीच नाही होणार, पोरी." ही बाई फोटोसाठी हट्ट करत नव्हती. इतकी वर्षं जी गोष्ट तिने मागितली नव्हती ती ती आता एकदाच मागत होती.

काकाजी खाली उतरले. "दोन मिनिटं," ते म्हणाले. "मागचं पाहून येतो, मंग फोटो."

मी त्यांच्या मागोमाग निघाले, नाहीतर हा माणूस गर्दीत नाहीसा व्हायचा. ते डावीकडून निघाले. कोपरा वळलो. समोर तीच मोठी कमान, वर तेच घड्याळ, दोन बाजूंना दोन मिनार. "हे बाजूचं असंन," ते म्हणाले. पुढचा कोपरा वळलो. तीच कमान, तसंच घड्याळ. काकाजी थबकले. "आपण वापस समोर आलो काय?"

"नाही काकाजी. ही दुसरी बाजू."

त्यांचा विश्वास बसेना. आणखी एक कोपरा. कमान. घड्याळ. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तिथल्या कठड्याला बांधला, खूण म्हणून, आणि पुन्हा फेरी सुरू केली. बांगड्यांच्या गाड्या, अत्तरवाले, रिक्षांचे भोंगे, आणि त्या सगळ्यातून हा माणूस मान वर करून गोल गोल फिरतोय. दुपट्ट्यापाशी परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. कमानीखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं, वाकून पाहिलं, एका खांबाला मागून हात लावून पाहिला. खांबाच्या मागेही दुसरी कमान आणि तिच्यातून दुसरा बाजार.

शेवटी ते एका बांगडीवाल्याकडे गेले. "भैया, इसका पिछला बाजू किधर है?"

बांगडीवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पिछला? इसकू पिछला हैइच नै चचा. चारों तरफ आगेइच है."

"ऐसा कैसा? पीछे तो सबको रहता."

"सबकू रहता. इसकू नहीं है."

काकाजी जागच्या जागी उभे राहिले. जयपूरला जिंकलेला माणूस हाच का, असं वाटावं इतका चेहरा उतरला होता. मला हसू येत होतं आणि दयाही येत होती. आयुष्यभर इमानेइतबारे सांभाळलेलं शास्त्र, आणि त्याचा निकाल भर बाजारात एका बांगडीवाल्याने लावला.

काकीजी केव्हा तिथे येऊन पोचल्या कळलं नाही. मागे अख्खी बस. त्या सरळ काकाजींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "झालं पाहून? आता कोणतीही बाजू घ्या. काढ व पोरी."

मी मोबाईल घेऊन मागे मागे सरकले. एका केळीवाल्याने शिव्या देत गाडी बाजूला घेतली. मंडळी ओरडत होती, काकाजी सरळ उभे राहा, काकाजी इकडे पाहा. बांगडीवाल्यालाही आता या प्रकरणात रस आला होता. "चचा, कैमरे कू देखो! अम्मा कू देखको शरमा रैं क्या?" काकाजी पोलिसाने पकडल्यासारखे उभे होते. हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. एकदा पाठीमागे बांधले, एकदा पोटावर ठेवले. काकीजींनी मान ताठ केली, ओठ मिटले, कॅमेऱ्याकडे पाहिलं. मी बटणावर बोट ठेवलं.

आणि काकाजी एकदम ओरडले. "समजलं! मॅडम, समजलं! याचं मागचं खाली हाये! जमिनीत! पाया!"

काकीजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. तोंडाला पदर न लावता, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. माझं बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं.

फोटो उत्तम आला होता. मागे चारमिनार पूर्ण, घड्याळासकट. पुढे काकाजी, तोंड उघडं, बोट जमिनीकडे, अंगात आल्यासारखे. शेजारी काकीजी हसतायत. बस बघायला गोळा झाली. काकीजींनी फोटो पाहिला, "आला," म्हणाल्या आणि मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला.

काकाजींनी आधी चारमिनार पाहिला. मग स्वतःला, नाक मुरडून. मग शाळेतल्या मुलांकडून शिकल्यासारखी दोन बोटं काचेवर ठेवून फोटो मोठा केला. मिनार बाहेर गेले, घड्याळ गेलं, त्यांचा स्वतःचा खांदाही गेला. काकीजींचा नुसता चेहरा उरला. ते बराच वेळ पाहत राहिले. भोवती लोक धक्के देत चालले होते, त्यांना भान नव्हतं.

"हे खळी कवाची हाये?" त्यांनी विचारलं.

"कोणती?" काकीजी म्हणाल्या.

"हे गालावरची. डाव्या."

"माहेरूनच आणली होती." काकीजींनी पदर सावरला. "चला आता, भात टाकाचा हाये."

काकाजी हलले नाहीत. "अजून एकडाव हास बरं."

"असं सांगून हासता येते काय?" असं म्हणत काकीजींनी लाजून तोंड फिरवलं आणि आमच्याकडे पाठ केली. आणि काकाजी, मोबाईल तसाच हातात धरून, त्यांना वळसा घालून समोर जाऊन उभे राहिले.